वसईची चर्च: किल्ल्यातली पडली, गावांतली राहिली

वसई रोड स्टेशनवर उतरून किल्ल्याकडे निघालेला माणूस वाटेत माणिकपूर आणि पापडी ही दोन गावे मागे टाकतो. दोन्ही गावांत चर्च आहे. माणिकपूरचे सेंट मायकल चर्च १६०६ सालचे आणि पापडीचे अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च १५७४ सालचे, असे तिथे सांगतात. रिक्षातून जाणारा पर्यटक त्यांच्याकडे सहसा बघत नाही. तिथे रोज सकाळी मिस्सा होते, लग्ने लागतात, मयताची प्रार्थना होते. चालती वास्तू कोणाला जुनी वाटत नाही. पुढे किल्ल्यात शिरल्यावर मात्र तोच माणूस थबकतो. छप्पर उडालेली, भिंतींत वडपिंपळ रुजलेली, आभाळाला उघडी पडलेली चर्च बघून त्याला इतिहास भेटल्यासारखे वाटते.

दोन्हीकडचे दगड एकाच काळातले, दोन्हीकडचा चुना एकाच भट्टीतला म्हणावा असा. मग एक पडले आणि दुसरे राहिले, हे का? वसईच्या इतिहासातला हा प्रश्न मला लढायांच्या वर्णनापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा उत्तरेकडून हुमायूनच्या दडपणाखाली होता. समुद्राकडून पोर्तुगीज त्याला छळत होते. दोन आघाड्या एकदम सांभाळणे जमेना, तेव्हा २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या हवाली केला. पुढची २०५ वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. तलवारीमागोमाग संन्यासी आले. पोपशी झालेल्या करारांनुसार पूर्वेकडच्या मुलखात चर्च बांधणे, धर्मगुरू पोसणे ही पोर्तुगालच्या राजाची जबाबदारी होती आणि त्याबदल्यात बिशप सुचवण्याचा हक्कही त्याचाच होता. त्यामुळे वसईत चर्च बांधणे हे धर्मकार्य होते आणि सरकारी कामही.

किल्ल्यात एकेका धर्मसंघाने आपापले चर्च आणि मठ उभारले. सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६चे. पुढे ते वाढवले गेले आणि आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा १६०१ सालचा शिलालेख दर्शनी भिंतीवर कोरला गेला. जेझुइटांच्या चर्चच्या दारावर येशूच्या नावाची तीन अक्षरे कोरलेली आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये वेदीवरचे कमानदार दगडी छत अजून तग धरून आहे आणि फरशीत पोर्तुगीज सरदार-घराण्यांच्या समाधिशिला आहेत, कुलचिन्हांसकट. त्या शिलांवरून चालताना एक गोष्ट पटकन ध्यानात येते: इथे पुरलेली माणसे इथली नव्हती. चर्च त्यांच्या पैशाने बांधले गेले, त्यांच्या प्रतिष्ठेसाठी सजले, आणि ती गेली तेव्हा त्याला वाली उरला नाही.

वसईच्या दगडाची ख्याती मोठी होती. गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले. भिंती तिथल्या जांभ्याच्या, पण दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी काळा दगड गलबतांतून नेला तो वसईचा. जांभ्यात छिद्रे फार, त्यावर बारीक नक्षी उठत नाही. आपला बसाल्ट घडवायला कठीण, पण एकदा घडला की कड सोडत नाही.

किल्ल्याबाहेर, वाडीवस्तीच्या मुलखात, गावची चर्च उभी राहिली. सांडोरचे सेंट थॉमस १५६६चे सांगतात, नंदाखालचे होली स्पिरिट १५७३चे. रमेदी, आगाशी, पाली, निर्मळ अशी ही रांग जाते. केळीच्या बागा, पानवेली, भातखाचरे आणि मधूनमधून पाण्याची बावखले असा हा प्रदेश. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संघांनी गावे वाटून घेतली होती.

या आरंभाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. चर्च उठली त्याआधी देवळे पडली. सोपारा-निर्मळचा परिसर हे जुने तीर्थ, तिथली मंदिरे उद्ध्वस्त झाली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात, जिथे नृत्य करणारा शिव खडकात कोरलेला आहे, तिथे फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो द पोर्तो याने चर्च थाटले आणि लेण्यावर मठ-विद्यालय बांधले. कोरीव मूर्ती भिंतीआड गेल्या. आज माथ्यावर मठाचे पडके अवशेष आहेत आणि खाली लेण्यात पुन्हा शिवपूजा होते. दोन्ही एकाच टेकाडावर बघायला मिळतात. इतका उघडा पुरावा इतरत्र क्वचितच सापडेल.

युरोपात हे असेच घडले होते, फक्त हजार वर्षे आधी. इंग्लंडमध्ये धर्मप्रसार सुरू झाला तेव्हा पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ साली मेलिटस या धर्मगुरूला पत्र लिहिले. मूर्ती फोडा, पण देवळे पाडू नका, ती शुद्ध करून चर्च करा. लोकांना आपल्या ओळखीच्या जागी यायला बरे वाटेल, असा त्याचा आशय होता. वसईला आलेल्या पाद्र्यांनी हा सल्ला पाळला नाही. पण जागेचे महत्त्व त्यांनीही ओळखले होते, म्हणून तर चर्च जुन्या तीर्थांच्या आसपासच आली.

युरोपातल्या गावची चर्च कशी टिकली ते बघण्यासारखे आहे. नॉर्वेत मध्ययुगात लाकडी चर्च शेकड्यांनी होती. आज जुन्यांपैकी २८ उरली आहेत. त्यांतले उर्नेसचे चर्च बाराव्या शतकातले, एका खाडीच्या काठी. उत्तरेच्या दारावर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांची नक्षी आहे, ती तर त्याहून जुन्या चर्चमधून काढून इथे बसवलेली. बर्फापावसात लाकूड आठ-नऊशे वर्षे राहते ते त्यावर पाइनचे डांबर पुन्हा पुन्हा फासल्यामुळे. एक पिढी आळसावली की लाकूड कुजले. इंग्लंडात रिवाज असा की वेदीकडचा भाग धर्मगुरूने राखायचा आणि लोक जिथे उभे राहतात तो भाग गावाने. छपराचे पैसे गावातून उभे करायचे, हिशेब गावाने निवडलेल्या माणसांनी ठेवायचा. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हानियात तर गावकऱ्यांनी चर्चभोवती तटबंदी बांधली. तुर्कांची धाड आली की गुरेढोरे, धान्य, बायकामुले घेऊन सगळे गाव आत. बिएर्तानचे असे चर्च १९९३पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मात्र ज्यांनी ते बांधले त्या जर्मनभाषक सॅक्सन लोकांतले बहुतेक १९९०च्या सुमारास जर्मनीला निघून गेले आणि त्या प्रदेशातल्या अनेक चर्चना कुलपे लागली.

वसईत जो नमुना आला तो पोर्तुगालच्या खेड्यातला. चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत, कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांना उघडा घडीव दगड, वर त्रिकोणी किंवा वळणदार माथा, एका अंगाला घंटाघर. समोर मोकळे पटांगण आणि त्यात दगडी क्रूस. आत शिरताना डोक्यावर गायकांचा सज्जा, पुढे खांबांचा अडसर नसलेले एकच लांब दालन, टोकाला मोठी कमान आणि कमानीपलीकडे वेदी. शेजारी वस्त्रे-भांडी ठेवायची खोली आणि लागूनच धर्मगुरूंचे घर.

खांबांचा अडसर नसण्याला कारण आहे. ट्रेंट इथली धर्मपरिषद १५४५ ते १५६३ अशी रखडत चालली. प्रोटेस्टंट बंडानंतर कॅथलिक उपासना लोकांसमोर स्पष्ट यावी, वेदी सर्वांना दिसावी, प्रवचन सर्वांना ऐकू यावे, यावर त्या काळात भर आला. मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने १५७७ साली चर्च कसे बांधावे याचे पुस्तकच लिहिले. जागा उंचावर असावी, चढायला विषम संख्येच्या पायऱ्या असाव्यात, आजूबाजूच्या घरांपासून चर्च सुटे असावे, इतके बारकावे त्यात आहेत. नंदाखाल, पापडी ही चर्च नेमकी याच दशकातली. युरोपात जी नवी चाल रुजत होती ती त्याच सुमारास आपल्या केळीच्या वाड्यांत आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गावांकडे बघण्याची नजर बदलते.

पण बांधकाम इथल्या हवेने वाकवले. लिस्बनच्या आसपास जितका पाऊस वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट वसईत चार महिन्यांत कोसळतो. सबंध दालनावर दगडी कमानदार छत घालणे खर्चाचे आणि जोखमीचे. म्हणून दगडी छत फक्त वेदीवर, आणि लोक बसतात त्या दालनावर सागवानी कैच्या आणि कौले. साग मागच्या डोंगरांतला. वसईत जहाजबांधणी चालायची, त्यामुळे लाकूड जोखणारे सुतार इथे मुबलक.

कौलारू छपराची गोष्ट कोकणी माणसाला सांगायला नको. वळवाच्या आधी वर चढून कौले परतायची, फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, वाळवी लागलेला वासा काढायचा. ही शाकारणी एक वर्ष चुकली तर थेंब गळतो, तीन वर्षे चुकली तर वासा कुजतो, दहा वर्षे चुकली तर छप्पर बसते. छप्पर गेले की पाणी थेट भिंतीच्या माथ्यात मुरते, चुना सुटतो, पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजते. मग तीन हात जाडीची भिंतसुद्धा मुळे फाडून काढतात. किल्ल्यातल्या चर्चना तोफांनी जेवढे पाडले नाही तेवढे या चुकलेल्या शाकारणीने पाडले, असे माझे ठाम मत आहे.

आता १७३९. चिमाजी आप्पांनी त्या वर्षाच्या आरंभी वसईला मोर्चे लावले. सुरुंग उडवून बुरुजाला खिंडार पाडले, हजारोंनी माणसे कामी आली आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सह्या केल्या. त्या अटी मराठी वाचकाने मुद्दाम माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. वसई शहरात तीन, प्रांतात एक आणि साष्टीत एक, अशी पाच चर्च राखण्याचेही कबूल झाले. दोन शतके ज्यांच्या अमलात देवळे पडली त्यांच्याशी, एवढी माणसे गमावून जिंकल्यावर, असा करार करणे ही मराठ्यांच्या बाजूने मोठी गोष्ट होती. मला तिचा अभिमान वाटतो.

घंटा मात्र गेल्या. विजयाची खूण म्हणून त्या सरदारांनी आपापल्या देवस्थानांना अर्पण केल्या. नाशिकला गोदावरीकाठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिरात दर्शनी भिंतीवर टांगलेली घंटा बघावी. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, घंटेसाठी वेगळी दगडी बांधणी केलेली आहे. त्या पंचधातूच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरला, नसरापूरच्या बनेश्वरालाही अशा घंटा आहेत. क्रूस किंवा मेरीची आकृती कोणी घासून काढली नाही. कृष्णाकाठी ती आजही बोटाला लागते.

जिंकल्यानंतर किल्ल्याचे नाव बाजीपूर झाले. धर्मसंघांचे पाद्री, सरदार, जमीनमालक गोव्याच्या वाटेने गेले. गावात कोण राहिले? बागायतदार, भातशेती करणारे, कोळी, सुतार. त्यांना कुठे जायचेच नव्हते. काही घरे शुद्ध होऊन पुन्हा हिंदू झाली, काही ख्रिस्तीच राहिली. धर्मगुरू आले ते बहुधा गोव्याचे, आपल्याच रंगाचे, आणि तेही मोजके. ज्या गावात महिनोन्महिने पाद्री फिरकत नसे तिथे लोकांनी आपली प्रार्थना आपणच चालवली. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइस या पाद्र्याने उत्तर कोकणच्या मराठी बोलीत रचलेले ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण १६५९ साली लिस्बनला छापले गेले होते. उपवासकाळात ते गावोगाव म्हटले जाई. लॅटिन मिस्सा कळत नसलेल्या शेतकऱ्याला हे पुराण कळत होते.

आणि शाकारणी होत राहिली. तिच्यासाठी राजा लागत नव्हता, बिशपही लागत नव्हता. शिडी, दोर, कौले आणि चार जाणती माणसे लागत होती, आणि ती गावात होती. भिंतीला चुना लावायचा तो सणाआधी. प्रत्येक चर्चचा आपल्या संताच्या नावे वर्षाचा सण ठरलेला. सातपुड्यात तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी डोंगर उतरून-चढून पाडेच्या पाडे येतात, तशाच इथे त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, आणि पडक्या छपराखाली सण करायला कोणाला आवडेल? निर्मळच्या कार्तिकी यात्रेलाही आसपासच्या ख्रिस्ती घरांतली माणसे जातात. दोन शतकांच्या कडवटपणानंतर गावकऱ्यांनी आपापसांत काढलेली ही वाट आहे.

इंग्रजांच्या अमलात किल्ल्याची दैना पूर्ण झाली. आतली जमीन भाड्याने दिली गेली, इमारतींचे घडीव दगड उचकटून विकले गेले. गावच चर्च राखते, हे मुंबईकडचे एक उदाहरण उलट बाजूने सांगते. अंधेरीत आज जिथे सीप्झची औद्योगिक वसाहत आहे, तिथे जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च होते. ते गावचेच चर्च. १८४०च्या सुमारास साथ आली, लोकांनी वस्ती मरोळला हलवली. चर्चवर कोणी तोफ डागली नाही. गाव उठले एवढेच. आज कारखान्यांच्या मधोमध त्याची दर्शनी भिंत उभी आहे, छपराविना.

वसईची गावे मात्र उठली नाहीत, आणि या मातीने मोठी माणसेही दिली. १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया वसईत जन्मलेला. १८६२ साली पोपने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९५५पासून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक हे याच गावांचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा त्यासाठी लागणारी भाषा या गावांच्या ओठांवर आधीपासून होती.

त्या परिषदेने वास्तूही बदलली. त्याआधी धर्मगुरू भिंतीलगतच्या उंच वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून मिस्सा करत. आता साधे मेज पुढे आले आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेदीचे काम संपले. काही ठिकाणी ती मागे शोभेला राहिली, काही ठिकाणी गेली.

लोकसंख्याही वाढली. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, पापडीचे चर्च कॅथेड्रल झाले. रविवारी माणसे बाहेर मांडवात उभी राहतात, तेव्हा मोठी वास्तू हवी असे कोणाला वाटले तर तो दोष नाही. दादरच्या पोर्तुगीज चर्चची मूळ वास्तू १५९६ची. १९७०च्या दशकात तिच्या जागी चार्ल्स कोरियांनी आखलेली नवी उभी राहिली. ती चांगली आहे. पण जुनी गेली ती गेलीच. गावच्या चर्चचा इतिहास हा दुरुस्तीचाच इतिहास आहे, म्हणून हात लावूच नका असे म्हणणे मला पटत नाही. मात्र कौले काढून स्लॅब टाकणे, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे ही दुरुस्ती नव्हे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवते, आणि साडेचारशे वर्षांची भिंत आतून भुसभुशीत होते. पापडी-नंदाखालच्या पिढ्यांना हे ठाऊक होते, कारण चुना मळणारे हात त्यांच्याच घरचे होते.

आता ते हात कमी आहेत. म्हणून वसईतल्या धर्मग्रामांना आणि तिथल्या शिकलेल्या मुलामुलींना विनंती आहे. तुमच्यात वास्तुविशारद आहेत, अभियंते आहेत, छायाचित्रकार आहेत. आपल्या गावच्या चर्चचे मोजमाप घ्या, नकाशा काढा, कैच्या आणि सांधे कसे आहेत ते कागदावर आणा, समाधिशिला वाचून उतरवून घ्या, चुना आणि कौलांचे काम जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलते करा. नवे बांधायचा ठराव झाला असेल तर हे काम ठरावाच्या अंमलबजावणीआधी करा, आणि त्याची एक प्रत चर्चच्या दप्तरात, दुसरी गावच्या वाचनालयात ठेवा.

चर्चला लागून असलेल्या शेजारच्या घरातल्या हिंदू किंवा मुसलमान तरुणालाही या कामात हात लावावासा वाटला, तर त्याला सोबत घ्या. गाव त्याचेही आहे.